बाशलारच्या पुस्तकात भेटलेली अनुवादिका : एर्नेस्तिना दे चांपुर्सिन कोणी वाचली आहे का?

बाहेरगावचा_पुणेकर

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सध्या मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात मुक्काम आहे. कारखान्यात आणि बाजारात चालेल इतकी स्पॅनिश जमली आहे, आता वाचनाची गोडी लागली आहे. मेक्सिको सिटीत दोन्सेलेस नावाचा रस्ता आहे, तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं ओळीने आहेत. बायको आर्किटेक्ट, तिने सांगितलं होतं म्हणून तिथून गास्तों बाशलार या फ्रेंच तत्त्वज्ञाचं 'ला पोएतिका देल एस्पासिओ' घेतलं. मूळ फ्रेंच पुस्तकाचा हा स्पॅनिश अनुवाद आहे. प्रकाशक फोन्दो दे कुल्तुरा एकोनोमिका.

विषय तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे चार पानांत दमछाक होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. वाक्यं इतकी लयीत चालतात की अडलेल्या शब्दासाठी थांबावंसंही वाटत नाही. म्हणून आतल्या पानावर अनुवादकाचं नाव बघितलं : एर्नेस्तिना दे चांपुर्सिन. शोधल्यावर कळलं की बाई स्पेनच्या. यादवी युद्धानंतर देश सोडून मेक्सिकोत आल्या, आणि मुळात त्या कवयित्री. ऑफिसात विचारलं तर बाशलारचं नाव दोघांनी ऐकलेलं, यांचं कोणीच नाही.

माझे प्रश्न असे :

यांच्या कवितासंग्रहांच्या यादीत १९३६ नंतर थेट १९५२ दिसतं. मधे काय झालं? लिहिणं सुटलं होतं का?

माझ्यासारख्या अर्धवट स्पॅनिशवाल्याने सुरुवात कुठून करावी?

सदाफुली

तुम्ही हे नाव इथे काढलंत याचा फार आनंद झाला. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि बरीच वर्षं दुभाषी म्हणूनही काम केलं आहे, त्यामुळे एर्नेस्तिनाबद्दल मला जिव्हाळा जरा जास्तच आहे. लांबण लागेल, पण लिहितेच.

आधी त्या मधल्या वर्षांबद्दल, कारण तिच्यावर खरा अन्याय तिथेच होतो. परिचय लिहिणारे सरळ लिहून मोकळे होतात की देश सुटल्यावर ती गप्प झाली. मला हे मुळीच मान्य नाही. ती कमावत होती. दोन माणसांचं घर परक्या देशात चालवत होती, आणि ते तिने भाषेच्या जोरावर चालवलं.

ती भाषा आली कुठून ते बघा. जन्म १९०५ चा, व्हितोरिया गावचा. वडील वकील, किताबवाले, कट्टर राजेशाहीवादी. आई उरुग्वेतल्या मोन्तेव्हिदेओची. पोर दहाएक वर्षांची असताना कुटुंब माद्रिदला आलं. घरात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवायला बायका ठेवलेल्या. पण मुलगी मोठी होऊन विद्यापीठात जाते म्हणाली, तेव्हा वडील आडवे आले. आई सोबत येऊन बसायला तयार होती, तरीही नाही. म्हणजे ज्या घराने तिला विद्यापीठ नाकारलं, त्याच घरात शिकलेल्या फ्रेंच-इंग्रजीवर पुढे मेक्सिकोत तिची चूल पेटली.

१९२६ मध्ये 'एन सिलेन्सिओ' हा पहिला संग्रह आला. त्याच वर्षी माद्रिदमध्ये लिसेउम क्लब निघाला. बायकांनी बायकांसाठी चालवलेली संस्था, मारिया दे माएस्तु तिची अध्यक्ष. एर्नेस्तिनाने तिथलं साहित्यविषयक काम बघितलं. मग 'आओरा' (१९२८), 'ला व्होस एन एल व्हिएन्तो' (१९३१). १९३४ मध्ये खेरार्दो दिएगोने आपल्या गाजलेल्या कवितासंकलनाची वाढीव आवृत्ती काढली, त्यात तिला जागा मिळाली. इतक्या पुरुषांत दोनच बायका : ती आणि होसेफिना दे ला तोर्रे. लोर्का, सालिनास, सेर्नुदा या कवींच्या रांगेत ती तेव्हाच बसली होती, हे लक्षात ठेवा. नंतर कोणी दया दाखवून तिला आत घेतलेलं नाही.

१९३६ मध्ये तिची दोन पुस्तकं आली : 'कान्तिको इनुतिल' हा कवितासंग्रह आणि 'ला कासा दे एन्फ्रेन्ते', म्हणजे 'समोरचं घर', ही कादंबरी. जुलैत युद्ध पेटलं. त्या पुस्तकांकडे बघायला कोणाला फुरसत होती? कवी हुआन रामोन हिमेनेस आणि त्याची बायको सेनोबिया यांनी माद्रिदमध्ये पोरक्या मुलांची सोय लावायचं काम हाती घेतलं होतं, त्यात एर्नेस्तिना होती. पुढे एका इस्पितळात तिने रुग्णसेवा केली. नोव्हेंबरमध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर येऊन ठेपलं, त्याच दिवसांत तिने कवी हुआन होसे दोमेन्चिनाशी लग्न केलं. तो राष्ट्राध्यक्ष आसान्याचा सचिव होता, तेव्हा प्रजासत्ताकाची बाजू हरल्यावर देशात राहणं शक्यच नव्हतं. व्हालेन्सिया, बार्सेलोना, मग सरहद्द ओलांडून तुलूझ, पॅरिस, आणि १९३९ मध्ये मेक्सिको.

मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी या लोकांना दार उघडलं, हे तुम्हाला तिथे राहून माहीत असेलच. सुमारे २०,००० स्पॅनिश निर्वासित त्या देशात आले. त्यांतल्या विद्वान-लेखकांसाठी 'ला कासा दे एस्पान्या' ही संस्था १९३८ मध्येच काढली होती, आजचं एल कोलेहिओ दे मेक्सिको ते हेच. अल्फोन्सो रेयेस तिथला कर्ताधर्ता, त्याच्याच आमंत्रणावरून हे दोघे आले. आणि फोन्दो, म्हणजे तुमच्या पुस्तकाचे प्रकाशक, त्यांना नेमकी अशीच माणसं हवी होती. जगभरची पुस्तकं स्पॅनिशमध्ये आणायचा त्यांनी सपाटा लावला होता आणि तीन-तीन भाषा येणारे लोक बंदरावर उतरत होते.

नवऱ्याला मेक्सिको कधीच मानवला नाही. त्याचं मन माद्रिदमध्येच राहिलं, त्याच्या तिथल्या संग्रहांची नावंसुद्धा देशोधडीला लागलेल्या सावलीबद्दलची आहेत. १९५९ मध्ये तो मेक्सिकोतच वारला. ती मात्र रुळली. फोन्दोसाठी पुस्तकामागून पुस्तक करत राहिली, शिवाय आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये दुभाषी म्हणून जाऊ लागली.

इथे मला माझ्या धंद्यातलं सांगू द्या. परिषदेतल्या दुभाष्याचं काम म्हणजे काचेच्या खोक्यात बसायचं, कानाला हेडफोन, वक्ता बोलत असतो आणि त्याच्या दोन-चार शब्द मागे तुम्ही दुसऱ्या भाषेत बोलत असता. थांबता येत नाही, मागे जाता येत नाही. शेजारी जोडीदार असतो आणि साधारण अर्ध्या तासाने माईक बदलावाच लागतो, कारण त्यापुढे डोकं चालत नाही. तुमची पाळी नसते तेव्हाही जोडीदारासाठी आकडे आणि नावं कागदावर लिहून पुढे सरकवायची असतात. कोणी कापसाच्या भावाबद्दल बोलतो, कोणी हिवतापाबद्दल, आणि त्या सगळ्यांसाठी तुम्ही 'मी' म्हणायचं. 'मी या ठरावाला विरोध करतो.' दिवसभर असं बोलून घरी आलं की भाजी काय करू असं विचारणंसुद्धा नको होतं. अशा दिवसांनंतर कवितेला बसायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याने 'गप्प झाली' असं लिहू नये.

आता तुमच्या हातातल्या पुस्तकाबद्दल. मूळ फ्रेंच १९५७ चं, तिचा अनुवाद १९६५ चा. बाशलारचीच हवेवरची आणि स्वप्नांवरची ग्रंथरचना तिने १९५८ मध्येच स्पॅनिशमध्ये आणली होती, त्यामुळे त्याची चाल तिच्या हातात बसलेली होती. पुस्तकात काय आहे? लहानपणीचं घर. तळघर, माळा, कपाटाचे कप्पे, घरटी, शिंपले, कोपरे. माणूस कुठेही गेला तरी पहिलं घर त्याच्या अंगात मुरलेलं असतं, असं बाशलार पुन्हा पुन्हा सांगतो. आणि हे स्पॅनिशमध्ये लिहितं कोण आहे? जिचं घर सव्वीस वर्षांपूर्वी सुटलं, जी तोवर विधवा झाली आहे आणि जिच्या १९३६ च्या कादंबरीच्या नावातच घर आहे. 'घरटी' हे प्रकरण हे ध्यानात ठेवून एकदा परत वाचा. तिने स्वतःचं एक अक्षर घुसडलेलं नाही, चांगला अनुवादक ते करत नाही. पण वाक्यात कुठे दम घ्यायचा, कुठे मऊ शब्द ठेवायचा हे निवडणारा हात कवयित्रीचा आहे. तुम्हाला लय जाणवली ती उगाच नाही.

ओंजळ

सदाफुली, सुंदर लिहिलं आहेस. एक दुवा माझ्याकडून. तू सेनोबियाचं नाव घेतलंस, ती म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांना स्पॅनिशमध्ये नेणारी सेनोबिया काम्प्रुबी. १९१५ मध्ये 'द क्रेसेंट मून'चा तिचा अनुवाद माद्रिदमध्ये आला, इंग्रजीवरून केलेला. मग हुआन रामोनशी लग्न झालं आणि पुढची कितीतरी वर्षं ती ठाकुरांची एकेक पुस्तकं करत राहिली. हुआन रामोन स्पॅनिशवर शेवटचा हात फिरवायचा. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत दोन पिढ्यांनी ठाकूर वाचले ते मुख्यतः या अनुवादांतून.

तेही १९३६ मध्येच देशाबाहेर पडले. शेवटी प्वेर्तो रिकोत होते. ऑक्टोबर १९५६ मध्ये हुआन रामोनला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी सेनोबिया कर्करोगाने गेली. एर्नेस्तिनाने पुढे हुआन रामोनच्या आठवणींचं एक पुस्तक लिहिलं आहे, 'ला आर्दिया ई ला रोसा', १९८१ चं. त्यात सेनोबियाही भेटते. पुणेकर, तुम्हाला गद्य सोपं जात असेल तर हे धरा.

नि_शंक

चांगला धागा. पण एक शंका आहे, राग मानू नये. मी तिचे १९५२ नंतरचे संग्रह थोडे चाळले आहेत. सगळीकडे देव, देव आणि देवच. आधीच्या प्रेमकवितांमधली धग कुठे गेली? ती त्याच सुमाराला ओपुस देई या कॅथलिक संस्थेत गेली, आणि ही संस्था फ्रँकोच्या राजवटीला जवळची मानली जायची. ज्या राजवटीमुळे देश सुटला, तिच्याच गोटातल्या लोकांकडे जायचं, हे मला झेपत नाही. तिला आज कोणी वाचत नाही, त्याचं कारण हेही असेल.

सदाफुली

नि_शंक, राग कसला, रास्त प्रश्न आहे. यावर मीही पुष्कळ विचार केला आहे.

ओपुस देईबद्दल तुम्ही म्हणता ते तपशील बरोबर आहेत, १९५२ हेच साल. आणि हो, तिला वाऱ्यावर सोडलं जाण्यात याचा हात आहे असं मलाही वाटतं. डाव्यांना ती फार देवभोळी वाटली, स्पेनमधल्या सत्तेच्या बाजूच्या लोकांना ती आसान्याच्या सचिवाची बायको. दोन्ही पंगतींत तिचं पान मांडलं गेलं नाही. शिवाय दोमेन्चिनाची बायको म्हणून तिचा उल्लेख उरकायची सवय होतीच.

पण 'धग गेली' हे मला पटत नाही. 'प्रेसेन्सिया आ ओस्कुरास' (१९५२) शांतपणे वाचा. नावातच सान हुआन दे ला क्रूस या स्पॅनिश संतकवीच्या काळोख्या रात्रीची आठवण आहे, आणि त्याच्या कवितेत प्रेयसी रात्री लपून प्रियकराला भेटायला निघते, तो प्रियकर देव आहे. आपल्याकडे विरहिण्या वाचलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. एर्नेस्तिनाच्या 'कान्तिको इनुतिल'मधला 'तू' आणि १९५२ मधला 'तू' यांत मला सलगता दिसते. हाक तीच आहे. पहिल्यांदा ती माणसाला मारलेली होती, माणसाकडून उत्तर पुरेसं आलं नाही.

राजकारणाबद्दल म्हणाल तर तिने आपलं युद्ध विसरून टाकलेलं नाही. युद्धातल्या एका परिचारिकेवरच्या कादंबरीचे तुकडे तिने १९३८ मध्येच 'ओरा दे एस्पान्या' या प्रजासत्ताकाच्या बाजूच्या मासिकात छापले होते. आणि १९७८ मध्ये 'प्रिमेर एक्सिलिओ' आला, देश सोडतानाची ती वाट, फ्रान्स, समुद्र, मेक्सिको, सगळं त्यात आहे. चाळीस वर्षं पोटात ठेवून मग लिहिलं. देवभक्त झाल्यामुळे जर कोणी मागचं सगळं पुसून टाकलं असतं, तर हे पुस्तक निघालं नसतं.

बाहेरगावचा_पुणेकर

सदाफुलीताई, ओंजळ, नि_शंक, सगळ्यांचे मनापासून आभार. 'घरटी' प्रकरण काल रात्री पुन्हा वाचलं आणि बायकोलाही फोनवर मोडकंतोडकं मराठी करून ऐकवलं. ती गप्प ऐकत राहिली, मग म्हणाली की आम्हाला कॉलेजात हे इंग्रजीतून वाचायला लावलं होतं तेव्हा इतकं आत गेलं नव्हतं.

आम्ही दोघं सध्या दोन देशांत आहोत, तेव्हा हा विषय जरा जवळचा आहे. एवढं विचारतो : त्या स्पेनला परत गेल्या का? आणि कवितांसाठी नेमकं कोणतं पुस्तक घेऊ?

सदाफुली

गेली. १९७२ मध्ये, फ्रँको जिवंत असतानाच. तेहेतीस वर्षांनी माद्रिदमध्ये उतरली तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. ओळखीची माणसं गेलेली, काही परदेशात, गल्ल्या बदललेल्या, आणि कविता वाचणाऱ्या नव्या पिढीला तिचं नाव ठाऊक नाही. मेक्सिकोत तिला काम होतं, मान होता, सहकारी होते. माद्रिदमध्ये एकटेपण होतं. 'प्रिमेर एक्सिलिओ', म्हणजे पहिली हद्दपारी, हे नाव तिने परतल्यावर दिलं आहे. माझ्या मते दुसरी ती तेव्हा भोगत होती.

पण लेखणी खाली ठेवली नाही. 'ला पारेद त्रान्सपारेन्ते' (१९८४), 'उयेरोन तोदास लास इस्लास' (१९८८), 'लोस एन्क्वेन्त्रोस फ्रुस्त्रादोस' (१९९१). यांपैकी मधला माझा सर्वांत आवडता. सगळी बेटं पळून गेली, असं नाव, बायबलच्या शेवटच्या भागातलं. म्हातारपण, आठवण आणि मरण यांच्याकडे ती इतकं सरळ बघते की तिच्या तरुणपणच्या कविता त्यापुढे मला नटलेल्या वाटतात. मार्च १९९९ मध्ये माद्रिदलाच गेली, त्र्याण्णव वर्षांची होऊन. लोर्का वगैरे कवींच्या त्या 'सत्तावीसच्या पिढी'तले बहुतेक सगळे तिच्या आधी गेले होते.

तुमच्यासाठी क्रम सांगते. पहिल्यांदा 'हाइ-काइस एस्पिरितुआलेस', १९६७. शिरीष पैंच्या हायकूंमुळे हा आकार मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. मेक्सिकोत होसे हुआन ताब्लादाने १९१९ मध्येच स्पॅनिशमध्ये हायकूची वाट पाडली होती, आणि हिने ती प्रार्थनेकडे वळवली. तीन ओळी, शब्द साधे. तुमच्या स्पॅनिशला झेपतील. मग 'प्रिमेर एक्सिलिओ', कारण गोष्ट माहीत असली की कविता अडत नाही. त्यानंतर 'उयेरोन तोदास लास इस्लास'. 'कान्तिको इनुतिल' शेवटी, त्याची भाषा जास्त दाट आहे. सुटे संग्रह शोधत बसण्यापेक्षा 'पोएसिया आ त्राव्हेस देल तिएम्पो' मिळतं का बघा, बार्सेलोनाच्या आन्थ्रोपोस प्रकाशनाने १९९१ मध्ये काढलेलं. पत्रं आवडत असतील तर कवयित्री कार्मेन कोन्देशी तिचा कितीतरी दशकं चाललेला पत्रव्यवहार २००७ मध्ये पुस्तकरूपाने आला आहे. तरुणपणीच्या पत्रांत ती इतकी धीट आणि चिडकी आहे की वाचून बरं वाटतं.

अनुवादांपैकी मिर्चा एलियादेचं शमनांवरचं, म्हणजे देवऋषी-मांत्रिकांवरचं, पुस्तक (१९६०) फोन्दोचंच आहे, सहज मिळेल. एमिली डिकिन्सनच्या कविता तिने नवऱ्याबरोबर केल्या होत्या, त्या मात्र जुन्या बाजारात नशिबाने.

आणि एक काम सांगू का? तुम्ही तिथे आहात म्हणून सांगते. 'रुएका' नावाचं एक वाङ्मयीन नियतकालिक मेक्सिको सिटीत १९४१ मध्ये काही तरुण मुलींनी सुरू केलं होतं, दहाएक वर्षं चाललं. एर्नेस्तिनाच्या कविता त्यात छापून आल्या आहेत, म्हणजे लोक ज्याला 'गप्पपणाची वर्षं' म्हणतात त्याच काळात. 'रोमान्से' या निर्वासितांच्या पत्रातही आहेत. एल कोलेहिओ दे मेक्सिकोच्या ग्रंथालयात विचारून बघा. अंक हाती आले तर तिचं नाव कोणकोणत्या अंकांत आहे ते इथे लिहा, मला माझ्या वर्गासाठी ती यादी हवी आहे.

बाहेरगावचा_पुणेकर

नक्की. पुढच्या महिन्यात कामानिमित्त राजधानीत जायचं आहे, एक दिवस जोडून घेतो. ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला काय कागदपत्रं लागतात ते आजच विचारतो. 'रुएका' आणि 'रोमान्से' दोन्हींचं बघतो, जमलं तर नावांबरोबर कवितांची शीर्षकंही टिपून आणतो.